उन्हाच्या मुलखात ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी : विषाणूला ती अडवते का?

आटपाडी तालुक्याला निसर्गाने पाऊस हात राखून दिला, पण ऊन मात्र भरभरून दिले. माणदेशातला माणूस उन्हातच जन्मतो, उन्हातच मेंढरे राखतो आणि उन्हातच डाळिंबाच्या बागेत राबतो. अशा माणसाला कोणी म्हटले, ‘तुमच्या अंगात ऊन कमी पडले आहे, ही पुडी घ्या,’ तर तो आधी हसेल आणि मग विचारील, ‘‘अहो, दिवसभर उन्हात तापतोय, मग ही पुडी कशाला?’’

प्रश्न वाजवी आहे. पण २०२० आणि २०२१ च्या कोरोना साथीपासून ही पुडी गावोगाव पोहोचली आहे. साठ हजार युनिटची ‘ड’ जीवनसत्त्वाची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘व्हिटॅमिन डी’ची ही पुडी दुधातून घ्यायची. साथ आली की लोक दुकानात जाऊन ती मागतात. थंडी-ताप, फ्लू, डेंगी, चिकुनगुनिया असे काहीही गावात शिरले, की ‘प्रतिकारशक्ती वाढवायला’ म्हणून ती घेतली जाते. कोणी डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतो, कोणी शेजाऱ्याचे ऐकून. रक्त तपासायचे म्हटले तर हजार-बाराशेची नोट मोडते. तेव्हा या जीवनसत्त्वाने विषाणूपासून खरोखर बचाव होतो का, कोणाला ते लागते आणि कोणाला नाही, हे शेतकरी बांधवांनी, तसेच सरपंच, ग्रामसेवक, अंगणवाडी ताई व आशा ताई यांनी नीट समजून घेतले पाहिजे.

साथीने शिकवलेला धडा

सांगली जिल्ह्यात कोरोनाची पहिली मोठी चर्चा झाली ती मार्च २०२० मध्ये इस्लामपूरच्या रुग्णांमुळे. पुढे टाळेबंदी लागली आणि देशभर पसरलेले आपले गलाई बांधव गावाकडे परतू लागले. आटपाडी, खानापूर, तासगाव भागातली हजारो माणसे सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी तमिळनाडूपासून बंगालपर्यंत विखुरलेली आहेत. ती आली, तशी गावाच्या वेशीवर भीतीही आली. शाळांमध्ये विलगीकरण झाले, यात्रा बंद झाल्या, बाजार बंद झाला. २०२१ च्या उन्हाळ्यातल्या दुसऱ्या लाटेत तर खाट आणि प्राणवायू मिळवण्यासाठी लोकांना गाव सोडून विटा, सांगली, मिरज गाठावे लागले.

अशा वेळी माणूस बुडत्याच्या हाताने काडी धरतो. काढे झाले, वाफारे झाले, लिंबू-आले झाले. त्यातच जस्ताची गोळी, ‘क’ जीवनसत्त्वाची गोळी आणि ‘ड’ची पुडी अशी तिकडी सगळीकडे रूढ झाली. यातली ‘ड’ची गोष्ट मात्र अगदीच हवेतली नव्हती, तिच्यामागे विचार होता. म्हणूनच तिची पारख सावकाश करायला हवी.

हे जीवनसत्त्व मुळात आहे काय?

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातल्या धुराने काळवंडलेल्या शहरांत मुलांची हाडे मऊ पडून पाय वाकत. या रोगाला आपण मुडदूस म्हणतो. १९१९ मध्ये इंग्लंडच्या एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्याच्या पिलांवर प्रयोग करून दाखवले, की आहारात कॉड माशाच्या यकृताचे तेल असेल तर हा रोग होत नाही. १९२२ मध्ये अमेरिकेच्या मॅककोलम यांनी त्या तेलातला हा गुण वेगळा ओळखला. अ, ब, क ही नावे आधीच दिली गेली होती, म्हणून याचे नाव पडले ‘ड’.

खरे पाहता इतर जीवनसत्त्वांप्रमाणे हे केवळ अन्नातून येत नाही. ते आपल्या कातडीत तयार होते. कातडीत कोलेस्टेरॉलच्या जातीचा एक पदार्थ असतो. त्यावर उन्हातले अतिनील ‘ब’ किरण पडले की त्याचे ‘ड’ होते. पुढे यकृत आणि नंतर मूत्रपिंड त्याला कामाचे रूप देतात. अन्नातले कॅल्शियम आतड्यातून रक्तात ओढून घेणे हे त्याचे मुख्य काम. ते नसेल तर कितीही दूध प्यायले तरी हाडाला पुरते मिळत नाही. मुलांना मुडदूस होतो. मोठ्यांची, विशेषतः बायकांची, हाडे मऊ पडतात, कंबर आणि मांड्या दुखतात, बसलेले उठवत नाही.

आपल्या तालुक्याला जवळची वाटेल अशी आणखी एक गोष्ट. दुकानातल्या पुडीतले ‘ड’ बहुतांशी कशापासून बनते? मेंढीच्या लोकरीपासून! लोकर धुताना जो मेणचट चिकटा निघतो, त्यातून कोलेस्टेरॉल काढतात, त्यावर प्रक्रिया करतात आणि मग त्यावर अतिनील किरण सोडतात. म्हणजे जे काम आपल्या पाठीवरचे ऊन फुकट करते, तेच काम कारखाना मेंढीच्या लोकरीवर दिव्याने करतो.

कुक्कुटपालन करणाऱ्यांना हे वेगळे सांगायला नको. बंद शेडमधल्या कोंबडीला ऊन मिळत नाही, म्हणून तिच्या खाद्यात ‘ड-३’ घालावेच लागते. ते कमी पडले की पिले पाय धरतात आणि अंड्याचे कवच पातळ होते. बंद शेडमधल्या कोंबडीला जे लागू, ते बंद खोलीतल्या माणसालाही लागू आहे.

विषाणूशी संबंध कसा जोडला गेला?

सर्दी-पडसे आणि फ्लूच्या साथी थंड देशांत हिवाळ्यातच का येतात, हा डॉक्टरांना पडलेला जुना प्रश्न. इंग्लंडमधले गावडॉक्टर होप-सिम्पसन यांनी १९८१ मध्ये मत मांडले, की या हंगामी येण्याजाण्यामागे सूर्याशी निगडित काही कारण असावे. २००६ मध्ये अमेरिकेच्या जॉन कॅनेल आणि सहकाऱ्यांनी त्याला नाव दिले: हिवाळ्यात अंगातले ‘ड’ घटते, म्हणून फ्लू फावतो.

त्याच वर्षी प्रयोगशाळेतूनही दुजोरा आला. रक्तातल्या पांढऱ्या पेशी ‘ड’च्या मदतीने कॅथेलिसिडीन नावाचे एक जंतुनाशक द्रव्य तयार करतात, असे दिसून आले. याखेरीज ‘ड’ प्रतिकारशक्तीचा अतिरेकही आवरते. कोरोनात पुष्कळ माणसे विषाणूने कमी आणि शरीराच्या पेटलेल्या दाहाने अधिक दगावली, हे आपण ऐकले आहे. तेव्हा ‘ड’ पुरेसे असेल तर विषाणू अडेल आणि दाहही शमेल, अशी आशा वाटणे साहजिक होते.

त्यात कोरोनाच्या पहिल्या वर्षात अनेक देशांतून बातम्या आल्या, की जास्त आजारी पडलेल्यांच्या रक्तात ‘ड’ कमी सापडते. झाले, लोकांनी दोन आणि दोन चार केले.

ट्रॅक्टर आणि तेल्या

इथेच जरा थांबायला हवे. समजा, गावात पाहणी केली आणि असे आढळले, की ज्याच्या दारात ट्रॅक्टर उभा आहे त्याच्या डाळिंबावर तेल्या कमी आहे. मग ट्रॅक्टरने तेल्या जातो असे म्हणायचे का? नाही. ज्याच्याकडे ट्रॅक्टर आहे, त्याच्याकडे वेळेवर छाटणीला, फवारणीला आणि मजुराला पैसाही आहे. ट्रॅक्टर ही त्या ऐपतीची खूण झाली.

‘ड’चेही तसेच. म्हातारे माणूस घराबाहेर पडत नाही, म्हणून त्याचे ‘ड’ कमी असते, आणि म्हातारपणामुळे आजारही जोर करतो. लठ्ठ माणसाच्या रक्तात ‘ड’ कमी उतरते, आणि लठ्ठपणामुळे कोरोना जड जातो. शिवाय ताप आणि दाह चढला की रक्तातले ‘ड’ आपोआप खाली येते. म्हणजे कमी ‘ड’मुळे आजार की आजारामुळे कमी ‘ड’, हे नुसत्या पाहणीवरून कळत नाही.

खरे-खोटे करायचे तर शेतकऱ्याला ठाऊक असलेलाच मार्ग धरावा लागतो. एकाच बागेत, एकाच मातीत, चिठ्ठ्या टाकून काही ओळींना औषध मारायचे, काहींना नुसते पाणी, आणि कोणत्या ओळीला काय मारले हे मोजणाऱ्याला कळू द्यायचे नाही. माणसांवरही असेच प्रयोग झाले. त्यांचे निकाल काय ते आता पाहू.

प्रयोग काय सांगतात?

आशा वाढवणारे निकाल आधी घेऊ. जपानमध्ये शाळकरी मुलांना हिवाळ्यात रोज १,२०० युनिट ‘ड’ दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात गोळी घेणाऱ्यांपैकी १०.८ टक्के मुलांना ‘अ’ प्रकारचा फ्लू झाला, तर खोटी गोळी घेणाऱ्यांपैकी १८.६ टक्के मुलांना. कोरोनाच्या काळात चंदीगडच्या पीजीआय संस्थेत ‘ड’ कमी असलेल्या सौम्य रुग्णांना सात दिवस रोज साठ हजार युनिट दिले. २१ दिवसांत औषध घेणाऱ्यांपैकी ६२.५ टक्के रुग्णांची चाचणी नकारात्मक आली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण २०.८ टक्के होते. पण रुग्ण किती? एका गटात १६ आणि दुसऱ्यात २४. एवढ्या झाडांवरून आपण सबंध बागेचे औषध ठरवत नाही. मेक्सिकोतही रुग्णालयांतल्या कर्मचाऱ्यांना महिनाभर रोज ४,००० युनिट दिले. त्यांच्यात कोरोनाची लागण ६.४ टक्के, तर न घेणाऱ्यांत २४.५ टक्के आढळली. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निकाल उत्साह वाढवणारा होता, पण यातही माणसे तीनशेच्या आसपासच होती.

आता मोठे प्रयोग. ब्राझीलमध्ये रुग्णालयात दाखल झालेल्या सुमारे २४० कोरोना रुग्णांपैकी निम्म्यांना एकदम दोन लाख युनिटचा डोस दिला. त्याने रुग्णालयातले दिवस घटले नाहीत. हा निकाल २०२१ मध्ये आला. इंग्लंडमध्ये ६,२०० माणसांचा प्रयोग झाला. ‘ड’ कमी असलेल्यांना सहा महिने रोज ८०० किंवा ३,२०० युनिट दिले. कोरोनाही कमी झाला नाही आणि सर्दी-खोकलाही नाही. नॉर्वेत तर ३४ हजारांहून अधिक माणसे घेतली. निम्म्यांना हिवाळाभर रोज चमचाभर कॉड तेल आणि निम्म्यांना दुसरे तेल. फरक पडला नाही. हे दोन्ही निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. नॉर्वेतल्या बहुतेकांच्या अंगात ‘ड’ आधीच पुरेसे होते, हे मात्र ध्यानात ठेवावे. ज्या रानात जस्त भरपूर आहे, तिथे आणखी झिंक सल्फेट टाकून पीक कसे वाढणार?

आणखी एक निकाल आपल्या पुडीशी थेट संबंध सांगणारा आहे. ऑस्ट्रेलियात हजारो वयस्कर माणसांना वर्षानुवर्षे महिन्यातून एकदा साठ हजार युनिट दिले. त्यामुळे श्वसनाच्या संसर्गाचा धोका घटला नाही.

सगळ्या प्रयोगांची एकत्र गोळाबेरीजही झाली आहे. २०१७ मध्ये २५ प्रयोग आणि सुमारे ११ हजार माणसे एकत्र मोजली, तेव्हा थोडा फायदा दिसला. ज्यांच्या अंगात ‘ड’ फारच कमी होते आणि ज्यांनी ते रोज किंवा आठवड्याला थोडे-थोडे घेतले, त्यांना तो अधिक दिसला. एकदम मोठा डोस घेणाऱ्यांना दिसला नाही. २०२१ मध्ये आणखी प्रयोगांची भर पडली. तेव्हा हिशेब असा निघाला, की खोटी गोळी घेणाऱ्या शंभरांपैकी ६२ जणांना सर्दी-खोकल्याचा संसर्ग झाला आणि ‘ड’ घेणाऱ्या शंभरांपैकी ६१ जणांना. २०२५ मध्ये ४६ प्रयोग आणि ६४ हजार माणसांची मोजणी झाली, तेव्हा हा एवढासा फरकही निर्विवाद उरला नाही, तो योगायोगाने आलेला असू शकेल इतका बारीक झाला.

सारांश असा, की ज्याच्या अंगात ‘ड’ची खरी तूट आहे, त्याने ती भरून काढावीच, कारण त्याच्या हाडांना ती हवी आहे. त्यातून संसर्गाशी लढायला थोडा हातभार लागला तर लागला. पण ज्याच्या अंगात पुरेसे आहे, त्याने वरून पुडी घेतली म्हणजे विषाणू वेशीवरून परत जाईल, हे खरे नाही.

मिरजेच्या वाटेवरचा दाखला

अशी आशा माणसाने पूर्वीही धरली होती. क्षयावर औषध नव्हते, तेव्हा मोकळी हवा, ऊन आणि सकस आहार हाच उपचार होता. सांगली-मिरजेच्या मध्ये वॉनलेसवाडीला उभे राहिलेले क्षयरोग आरोग्यधाम त्याच काळातले. रोग्याला त्याने बळ येई, पण क्षयाचा बंदोबस्त झाला तो १९४३ मध्ये सापडलेल्या स्ट्रेप्टोमायसिनपासून पुढच्या औषधांनी. अलीकडे मंगोलियात ८,८५१ शाळकरी मुलांवर तीन वर्षे ‘ड’चा प्रयोग झाला. २०२० च्या निकालानुसार क्षयाची लागण त्याने टळली नाही. क्षय हा जंतूचा रोग, कोरोना विषाणूचा, पण धडा एकच. पोषण हा पाया आहे, त्याला औषधाची किंवा लसीची जागा देता येत नाही.

जनावरांच्या बाबतीत तर शेतकऱ्याने हे डोळ्यांनी पाहिले आहे. २०२२ मध्ये लम्पी आला, तेव्हा गाई-बैलांना कोणी टॉनिक पाजले, कोणी हळद-गूळ चारला. पण साथ आटोक्यात आणण्यासाठी शेळ्यांच्या देवीची लस टोचावी लागली, गोचीड-माश्यांचा बंदोबस्त करावा लागला आणि आजारी जनावर वेगळे बांधावे लागले. खिलार कितीही उन्हात हिंडलेले असो, विषाणूने ते पाहिले नाही.

उन्हात राहूनही तूट का?

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. उन्हाच्या मुलखात तूट पडतेच कशी? २०१६ ते २०१८ या काळात झालेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात देशातल्या १ ते ४ वर्षांच्या १४ टक्के, ५ ते ९ वर्षांच्या १८ टक्के आणि १० ते १९ वर्षांच्या २४ टक्के मुला-मुलींत ‘ड’ची कमतरता आढळली. उत्तर भारतातल्या एका खेड्यात तपासणी केली, तर भरपूर ऊन असूनही बहुतेकांत ‘ड’ कमी निघाले.

कारणे साधी आहेत. पहिले कारण, ऊन अंगावर पडावे लागते, अंगावरच्या कपड्यावर नव्हे. शेतात खुरपायला जाणारी बाई डोक्यावर पदर घेते, वरून पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, तोंडाला कापड बांधते. तिच्या कातडीला लागणारे ऊन म्हणजे दोन मनगटे आणि पावले. दुसरे कारण, सावळ्या कातडीला गोऱ्या कातडीपेक्षा जास्त वेळ ऊन लागते. तिसरे, घरातच राहणारी माणसे: बाळंतीण, तान्हे मूल, अंथरुणाला खिळलेले म्हातारे. चौथे, आपले गलाई बांधव. परगावच्या अरुंद गल्लीत, भट्टीच्या खोलीत ज्यांचा सगळा दिवस जातो, ते माणदेशाचे असले तरी त्यांच्या वाट्याला माणदेशाचे ऊन येत नाही. पाचवे, शाळा, शिकवणी आणि मोबाईल यांत अडकलेली पोरे.

आहारातून ते फारसे मिळत नाही. भाकरी, मटकी, हुलगा, भाजीपाला यांत ते नाहीच म्हटले तरी चालेल. साध्या दुधात अगदी थोडे. अंड्याच्या बलकात काही प्रमाणात आणि तेलकट माशांत बऱ्यापैकी असते. ज्या पिशवीबंद दुधावर किंवा खाद्यतेलावर ‘अ’ आणि ‘ड’ घातल्याची निळी खूण असते, त्यातून थोडे मिळते.

कोवळे ऊन की दुपारचे?

आपल्याकडे ‘कोवळे ऊन चांगले’ असे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात. सकाळची हवा चांगली, व्यायामाला वेळ चांगली, यात वाद नाही. आटपाडी भाग ज्या औंध संस्थानात होता, तिथले राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी तर सूर्यनमस्काराचा ध्यास घेतला होता. संस्थानातल्या शाळांमधून त्यांनी तो सक्तीचा केला. त्या व्यायामाने छाती रुंदावली, शरीर लवचिक झाले. पण ‘ड’ तयार करणारे किरण सकाळच्या तिरक्या उन्हात जवळजवळ नसतात, ते वातावरणातच शोषले जातात.

यासाठी एक सोपा ठोकताळा आहे. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड पडू लागली की ‘ड’चे ऊन सुरू झाले असे समजावे. आपल्या भागात मे महिन्यात हे साधारण साडेनऊपासूनच होते. डिसेंबरात मात्र सव्वाअकरा ते पावणेदोन एवढीच वेळ मिळते. आठवड्यातून तीन-चार दिवस वीस-तीस मिनिटे हात, पाय आणि शक्य तर पाठ उघडी ठेवून असे ऊन घेतले तर निरोगी माणसाला बरेचसे मिळते. काचेआडून आलेले ऊन या कामाचे नाही. एप्रिल-मेच्या भर दुपारी मात्र कोणी हट्टाने उन्हात बसू नये. ‘ड’ मिळवायला जावे आणि उष्माघात घेऊन यावे, असे होऊ नये. त्या दिवसांत दहाच्या आतबाहेरची वेळ पुरते.

पुडीचे तारतम्य

प्रौढ माणसाची रोजची गरज भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने २०२० मध्ये ६०० युनिट धरली आहे. यावरून साठ हजारांची पुडी म्हणजे शंभर दिवसांचा शिधा झाला. डॉक्टर ती तूट असलेल्याला आठवड्याला एक अशी ठराविक आठवडे देतात, आणि ते बरोबरच आहे. पण काहीजण ‘आठवड्याला एक’ ऐकून रोज एक घेतात, काहीजण महिनोन्‌महिने घेत राहतात. पाण्यात विरघळणारे जीवनसत्त्व जास्त झाले तर लघवीवाटे जाते. ‘ड’ चरबीत साठते. अति झाले की रक्तात कॅल्शियम वाढते. मग मळमळ, बद्धकोष्ठता, सारखी तहान-लघवी, मूतखडा, डोके सुन्न होणे आणि शेवटी मूत्रपिंडाला इजा. आधीच मूतखड्याचा त्रास असलेल्याने तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये. सहा लाख युनिटचे इंजेक्शन ‘ताकदीचे’ म्हणून टोचून घेणे हेही धोक्याचे आहे.

तपासणीबद्दलही बोलले पाहिजे. शिबिर भरवून सरसकट सगळ्यांची ‘ड’ तपासणी करण्याचा आग्रह कधी कधी धरला जातो. अमेरिकेतल्या अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांच्या संस्थेने २०२४ मध्ये दिलेला सल्ला असा, की निरोगी माणसांची सरसकट तपासणी करू नये. ‘ड’ देण्याचा विचार मुले, गरोदर स्त्रिया आणि ७५ वर्षांपुढची माणसे यांच्याबाबत करावा. तेव्हा ज्याला हाडांचे दुखणे आहे, पाय वाकले आहेत, वरचेवर हाड मोडते, त्याने तपासणी जरूर करावी. बाकीच्यांनी ते पैसे अंडी-दुधावर खर्च केलेले बरे.

गावाने काय करावे?

आपल्या भागात साथ म्हटली की केवळ फ्लू आणि कोरोना नव्हे. पाण्याची चणचण, म्हणून घरोघर बॅरल, टाक्या, रांजण भरून ठेवायची सवय. टेंभूचे पाणी तालुक्यात आले तरी साठवणीची सवय एका दिवसात जात नाही. त्याच स्वच्छ साठ्यात डेंगी आणि चिकुनगुनियाचा डास वाढतो. त्यावर जीवनसत्त्वाची पुडी काय करणार? तिथे भांडी झाकणे आणि आठवड्यातून एक दिवस कोरडा पाळणे हाच उपाय.

ग्रामपंचायतीने, आरोग्य सेवकांनी आणि प्रत्येक घराने पुढील गोष्टी मनावर घ्याव्यात :

१. वयस्कर, मधुमेही, दमेकरी आणि गरोदर स्त्रिया यांच्या लसीबाबत प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात विचारणा करून ती वेळेवर घ्यावी.

२. खोकला-ताप असलेल्या माणसाने बाजारात, यात्रेत, लग्नात जाणे टाळावे. जावेच लागले तर तोंडाला मुसके बांधावे.

३. अंगणवाडी आणि शाळेत मुलांना दुपारच्या सुट्टीत थोडा वेळ उघड्यावर खेळू द्यावे. चालायला उशीर करणारे किंवा पाय वाकलेले मूल दिसले की आशा ताईंनी ते डॉक्टरांकडे पाठवावे.

४. बाळंतीण आणि तान्ह्या मुलाला महिनोन्‌महिने अंधाऱ्या खोलीत ठेवू नये. बाळाला ‘ड’चे थेंब द्यायचे का, हे डॉक्टरांना विचारावे.

५. घरातल्या म्हाताऱ्या माणसाची खाट दिवसातून थोडा वेळ उन्हात सरकवावी.

६. ज्या घरात चूल आहे तिथे धूर बाहेर जाण्याची सोय करावी. धुराने छाती कमजोर होते आणि संसर्ग फावतो.

७. दुकानातून पुडी परस्पर आणू नये. डॉक्टरांनी दिली तर किती आठवडे घ्यायची, हे कागदावर लिहून घ्यावे.

२०२१ मध्ये ज्या घरांतली कर्ती माणसे गेली, त्या घरांना साधी गोष्ट सांगतानाही शब्द जपून वापरावे लागतात. त्यांच्यापैकी कित्येकांनी पुड्याही घेतल्या होत्या आणि काढेही. त्यांचे काही चुकले नव्हते. त्या वेळी ज्ञानच तेवढे होते. आज प्रयोगांचे निकाल हाती आहेत. पुढची साथ कधी ना कधी येईलच. तेव्हा पुडीच्या भरवशावर लस टाळली, धाप लागली तरी ‘पुडी घेतलीय, उतरेल’ म्हणून दोन दिवस घरी काढले, असे एकाही घरात होऊ नये. ताप तीन दिवसांत उतरला नाही, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा माणूस बरळू लागला, तर थेट दवाखाना गाठावा.

ऊन आपल्याकडे फुकट आहे, ते अंगाला लागू द्यावे. हाडांना ते हवेच आहे. विषाणूसाठी मात्र लस, स्वच्छता, झाकलेले पाणी आणि वेळेवरचा उपचार यांचीच कास धरावी.